जुन्या जीपचे इंजिन कोणत्या सालचे? ओळखताना या चुका टाळा

जुनी जीप बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो सालाचा, आणि त्याला उत्तर मिळते ते आरसी बुकातले. सर्वांत मोठी चूक इथेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात राहिलेल्या लष्करी जीप डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या आणि नागरी नोंदणी होण्याआधी त्यांतल्या कित्येक गाड्या वर्षानुवर्षे कोठे ना कोठे उभ्या होत्या. त्यामुळे कागदावर 1950 च्या दशकातले साल असलेल्या गाडीत 1943 चे इंजिन असू शकते. उलट अनुभवही तितकाच येतो: गाडी खरोखर युद्धकाळातली असते, पण मूळ इंजिन कधीच भंगारात गेलेले असते आणि त्या जागी पुढच्या काळातले बसवलेले असते. आरसी बुक नोंदणीचे साल सांगते. इंजिनाचे वय इंजिनालाच विचारावे लागते.

दुसरी चूक म्हणजे इंजिनावर दिसेल तो आकडा इंजिन नंबर समजणे. ब्लॉकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव अंगावरची, उठावदार अक्षरे आणि आकडे ओतकामाच्या साच्यातून आलेले असतात. त्यांपैकी एक भाग क्रमांक असतो, आणि तोच क्रमांक हजारो ब्लॉकवर सारखा आढळतो. इंजिन नंबर मात्र पंचाने ठोकलेला, म्हणजे धातूत आत गेलेला असतो. युद्धकाळातल्या जीपमध्ये तो ब्लॉकच्या पुढच्या भागात उजवीकडे, ऑइल फिल्टरच्या मागे दडलेल्या छोट्या सपाट उंचवट्यावर असतो. युद्धकाळात जीप बनवणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्यांपैकी विलीजच्या इंजिनावर तो ‘एमबी’ या रोमन अक्षरांनी आणि फोर्डच्या इंजिनावर ‘जीपीडब्ल्यू’ने सुरू होतो. युद्धानंतरच्या नागरी मॉडेलांत सीजे-2एचा नंबर ‘जे’ने, सीजे-3एचा ‘3जे’ने आणि सीजे-3बीचा ‘4जे’ने सुरू होतो. अमेरिकन ओतकामावर तारीख सापडलीच, तर ती वाचताना तिथे महिना आधी लिहितात हे ध्यानात ठेवावे. 4-12-43 म्हणजे 12 एप्रिल 1943, चार डिसेंबर नव्हे.

हा नंबर शोधताना वायर ब्रश किंवा ग्राइंडर कधीही चालवू नये. अनेक चांगली इंजिने या एका घाईमुळे कायमची मुकी झाली आहेत. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके त्या जागेवर काही वेळ ठेवावे, मऊ झालेला थर लाकडी पट्टीने काढावा, जागा कोरडी करून तिच्यावर खडू हलकेच चोळावा आणि टॉर्चचा झोत समोरून न टाकता अगदी तिरका टाकावा. पंचाच्या आकड्यांच्या कडा त्या उजेडात उभ्या राहतात. मग पातळ कागद लावून, आरटीओत चेसिस नंबरची घेतात तशी, पेन्सिलची छाप घ्यावी.

ही छाप किती उपयोगाची असते, हे पुण्याजवळच्या एका गॅरेजमध्ये मी पाहिले. मालक अभिमानाने सांगत होते की त्यांच्या विलीजचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर तंतोतंत एकच आहे, आणि त्यासाठी त्यांनी बरीच जास्त रक्कमही मोजली होती. मी छाप घेतली, तेव्हा आकड्यांच्या मागे ग्राइंडरच्या अर्धगोल रेषा स्पष्ट उमटल्या. त्या रेषा नसत्या तरी शंका यायलाच हवी होती, कारण विलीजच्या कारखान्यात चेसिस आणि इंजिन यांचे क्रमांक वेगवेगळेच असत. ते जुळत फोर्डच्या जीपीडब्ल्यूमध्ये. म्हणजे जो पुरावा म्हणून दाखवला जात होता, तोच बनावटपणा उघड करत होता. त्या गृहस्थांचा चेहरा उतरलेला पाहून मलाही वाईट वाटले, कारण आतला ब्लॉक बहुधा अस्सल होता आणि त्याची खरी ओळख कोणीतरी विनाकारण पुसून टाकली होती.

नटबोल्टांनी बसणाऱ्या भागांवरून निष्कर्ष काढणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे. फोर्ड आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, ‘एफ’ हे अक्षर उमटवत असे. पण दोन्ही कंपन्यांच्या जीपचे भाग एकमेकींना बसावेत अशीच त्यांची रचना होती, आणि दोघींनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यामुळे ‘एफ’चा बोल्ट फक्त तो बोल्ट फोर्डचा असल्याचे सांगतो. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनामो यांचेही तेच.

सीसीवरून वय ठरवणाऱ्यांची तर हमखास फसगत होते. युद्धकाळातले ‘गो डेव्हिल’ आणि 1950 मध्ये आलेले ‘हरिकेन’ या दोन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) एकच असल्याने दोन्ही 2199 सीसीची आहेत. फरक व्हॉल्व्हच्या मांडणीत आहे. ‘गो डेव्हिल’चे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, हेड (ब्लॉकवरचे झाकण) बसके असते आणि कार्ब्युरेटर बाजूच्या मॅनिफोल्डवर असतो. ‘हरिकेन’चे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये असल्यामुळे इंजिन उंच झाले, आणि त्यासाठीच सीजे-3बीचे बॉनेट उंच करावे लागले. महिंद्राच्या ज्या जीप महाराष्ट्रात गावोगाव दिसत, त्यांचे ते उंच बॉनेट यातून आले आहे. कंपनीने मुंबईत 1947 मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली ती अमेरिकेतून आलेल्या सुट्या भागांतून, म्हणून त्या पहिल्या काळातल्या गाडीवर भारतीय नाव दिसले तरी इंजिन भारतात ओतले गेले, असे गृहीत धरू नये.

इंजिन उघडलेच असेल, तर मोजमापांबाबत सावध राहावे. सिलिंडर मूळ मापापेक्षा 0.010 इंचांनी मोठा भरला की फिटर लगेच रीबोअर झाल्याचे, म्हणजे सिलिंडर नंतर कोरून मोठा केल्याचे, सांगतो. परंतु विलीजच्या कारखान्यातूनच काही इंजिने त्या मापाची निघत, आणि अशा इंजिन नंबरच्या शेवटी रोमन ‘बी’ अक्षर ठोकलेले असे. ‘ए’ म्हणजे क्रॅंकची बेअरिंगे 0.010 इंच अंडरसाइज (मूळ मापापेक्षा लहान), आणि ‘एबी’ म्हणजे दोन्ही. नंबर उतरवताना हे शेवटचे अक्षर बहुतेक जण सोडून देतात.

या सगळ्याला आता कायद्याचेही महत्त्व आले आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, आणि त्यात इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी इंजिन नंबरची छाप, ओतकामावरच्या आकड्यांचे फोटो आणि आरसी बुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. ते जुळत नसेल, तर पंच हातात न घेता, इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे रीतसर करून घ्यावी.