स्वमग्न मुलासाठी खेळणे निवडताना या चुका टाळा

स्वमग्न (म्हणजे ऑटिझम असलेल्या) मुलाला हौसेने आणलेले खेळणे चार दिवसांत कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसले, की ‘त्याला खेळण्यांची आवडच नाही’ असे नातेवाईक परस्पर ठरवून टाकतात. त्याच घरात ते मूल डब्यांची झाकणे जमिनीवर गरगर फिरवण्यात तासभर रमलेले असते, पण खरेदीला निघताना त्या झाकणांची आठवण कोणालाही झालेली नसते.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे खोक्यावर छापलेल्या वयावर विसंबून राहणे. पाच वर्षांच्या मुलाला दांडीत एकावर एक चढवायच्या रंगीत चकत्या आवडत असतील, तर ‘हे तर बाळांचे खेळणे’ म्हणून संकोचण्याचे कारण नाही. उलट बाजू मात्र अधिक गंभीर आहे. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही सूचना प्रामुख्याने सुट्या, बारीक भागांमुळे दिलेली असते. त्यामुळे जे मूल पाचव्या-सहाव्या वर्षीही हाती येईल ते तोंडात घालते, त्याच्या बाबतीत ती तितक्याच काटेकोरपणे पाळावी लागते. बटणाच्या आकाराचा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते, गिळलेली दोन लोहचुंबके आतड्याच्या भिंतींना मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात, आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटात फुगून आतडे अडवू शकतात. सेलचे झाकण स्क्रूने बंद होते का, हे दुकानातच पाहावे. 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेही तपासावे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट असल्यामुळे सुबक लाकडी फळे किंवा बैलगाडी घेताना रंग कोणता वापरला आहे आणि तो नखाने निघतो का, याची खात्री आपली आपणच करावी.

दुसरी चूक आवाजाची आणि दिव्यांची. संवेदनांना मिळणारा तीव्र किंवा अतिशय क्षीण प्रतिसाद 2013 पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांमध्ये समाविष्ट आहे, तरीही वाढदिवसाला सायरन वाजवत, लाल-निळे दिवे चमकवत धावणारी पोलिसांची गाडी हमखास येतेच. मिक्सर सुरू होताच कानांवर हात ठेवणारे मूल स्वतः कळ दाबून काढलेला आवाज मात्र मजेत ऐकताना दिसते, कारण तो कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे त्याच्या हाती असते. त्यामुळे ‘स्वमग्न मुलांना आवाज सहन होत नाही’ असे सरसकट धरून चालणे हेही चुकीचेच. घरातील मूल आवाज, उजेड, चिकट स्पर्श यांपासून दूर पळते की त्यांच्याकडे ओढ घेते, हे आईवडिलांना विचारावे. आवाज कमी करण्याची किंवा पूर्ण बंद करण्याची सोय असलेलेच खेळणे घ्यावे. आणलेले खेळणे कर्कश निघाले तर स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टीचे दोन थर लावले, की आवाज बराच बसतो. फुगे मात्र विचारल्याशिवाय नेऊच नयेत. ते केव्हा फुटतील याचा नेम नसतो आणि फुटलेला तुकडा घशात अडकण्याचा धोका असतो.

मुलाच्या खेळण्याची पद्धत चुकीची मानून तिला वळण लावण्यासाठी खेळणे आणणे, ही तिसरी चूक मला सर्वांत नडणारी वाटते. मूल गाडी उलटी धरते, डोळ्यांजवळ नेते, एका बोटाने चाक फिरवते आणि आऱ्यांचा चकाकता गोल होताना पाहते. तेवढ्यात कोणीतरी गाडी सरळ करून ‘अशी चालवायची’ म्हणून दाखवते आणि खेळ संपतो. या मुलाला फिरण्याचे वेड आहे, हे इथे स्पष्ट दिसते. त्याला एकमेकांत अडकून फिरणारी दातेरी चक्रे, भिंगरी किंवा उतारावरून मोठे चेंडू घरंगळत येतील असा मनोरा द्यावा. गाड्यांची रांग लावणाऱ्याला त्याच संचातील आणखी गाड्या द्याव्यात आणि शेजारी बसून एकेक गाडी त्याच्या हाती द्यावी. पुढची गाडी मागायला तो हात पुढे करतो, तेव्हा देवाणघेवाण सुरू झालेली असते. फ्लॅशकार्डांचे गठ्ठे भेट म्हणून देऊ नयेत, कारण शिकवणी त्याच्या आठवड्यात पुरेशी असते. वजनाचे पांघरूण (अंगावर दाब पडावा म्हणून मुद्दाम जड केलेले) तर ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या, म्हणजे रोजच्या कामांची कौशल्ये वाढवणाऱ्या उपचारतज्ज्ञाच्या, सल्ल्याशिवाय लहान मुलाला मुळीच देऊ नये.

झिजलेले आवडते खेळणे परस्पर टाकून नवे आणण्याचा मोहही आवरावा. रंगाची छटा किंवा चाकाचा आवाज किंचित बदललेला त्याला लगेच कळतो. कपडे देणार असाल तर मानेवरचे लेबल आणि आतून टोचणारे जरीकाम तपासा.

भेट देण्याची रीतही कधीकधी खेळणे वाया घालवते. भरल्या घरात कॅमेऱ्यासमोर वेष्टन फाडायला लावणे आणि वर ‘मावशीला थँक्यू म्हण’ असा आग्रह धरणे, यात मुलाचे लक्ष वस्तूवर राहतच नाही. शक्य असेल तर खेळण्याचा फोटो आदल्या दिवशी पाठवावा, खेळणे खोक्याबाहेर काढून, जोडून आणि सेल घालूनच न्यावे.

तरीही मुलाने ते हातात घेतले नाही, तर आग्रह न करता नेहमीच्या खेळण्यांजवळ ठेवून द्यावे. काही मुले आठवडाभर नुसती पाहतात आणि मग एके दिवशी स्वतःच उचलतात. फेकाफेक होत असेल तर जड लाकडी ठोकळे काही काळ बाजूला ठेवून कापडी चेंडू आणि एक टोपली द्यावी. एकाच खेळण्यावरून मूल उठतच नसेल, तर ते हिसकावण्याऐवजी ‘अजून तीन फेऱ्या, मग जेवण’ असे सांगून फेऱ्या मोठ्याने मोजाव्यात आणि खेळणे दिसेल अशा ठरलेल्या जागी ठेवावे. खरेदीचे बिल आईवडिलांकडे द्यावे आणि वस्तू बदलून घेतली तरी राग येणार नाही, हे त्याच वेळी सांगून टाकावे.