गॅसचं जहाज येणार म्हणतात? आधी पाण्याचा हिशेब मांडा

एलएनजी टर्मिनलची, म्हणजे जहाजाने आलेला द्रव नैसर्गिक वायू उतरवून घेण्याच्या ठिकाणाची, बातमी खाडीकाठच्या गावात येते ती जमिनीच्या रूपाने. कुणाचा सातबारा, गुंठ्याला काय भाव, आणि चार दिवसांत सगळा गाव तलाठ्याच्या दारात. मी आमच्या मच्छीमार सोसायटीचं दप्तर लिहिते. शेजारच्या गावांतून हल्ली फोन येतात, "ताई, पर्यावरणाच्या जनसुनावणीत आम्ही काय विचारायचं?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. टर्मिनल जमिनीवर उभं राहिलं तरी ते चालतं पाण्यावर, आणि ते पाणी आपल्या वहिवाटीचं आहे. ही वहिवाट कुठल्याच उताऱ्यावर नसते, म्हणून ती आपणच कागदावर आणायची.

गॅसबद्दल थोडक्यात. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि त्याचं आकारमान सुमारे सहाशेपटीने कमी होतं, म्हणून तो जहाजाने नेता येतो. १९५९ मध्ये 'मिथेन पायोनियर' अमेरिकेतून इंग्लंडला पहिली खेप घेऊन गेलं. आज अशी सातशेहून जास्त जहाजं फिरतात. २०२२ मध्ये रशियाचा पाइपलाइनचा गॅस आटला तेव्हा युरोपने घाईने टर्मिनलं उभारली. कतार उत्पादन वाढवतो आहे. आपल्या सरकारलाही २०३० पर्यंत देशाच्या ऊर्जेत गॅसचा वाटा १५ टक्क्यांवर न्यायचा आहे. गुजरातेतलं दहेजचं टर्मिनल २००४ मध्ये सुरू झालं, आणि आपल्या अंजनवेलचं टर्मिनल, ज्याला सगळे दाभोळचं म्हणतात, ते २०१३ मध्ये सुरू झालं. हा धंदा वाढतोच आहे, तेव्हा तुमच्या खाडीवर कुणाची नजर पडली तर नवल नाही.

प्रकल्पाचा पर्यावरण परिणाम अहवाल हातात आला की पहिलं काम म्हणजे टनांची जहाजं करा. क्षमता टनांत लिहिलेली असते आणि त्यावरून आपल्याला काहीच उमगत नाही. हल्लीचं मोठं जहाज १ लाख ७४ हजार घनमीटरचं असतं. एक घनमीटर द्रव गॅस साधारण ४५० किलो भरतो. टाक्या थंड राहाव्यात म्हणून थोडा माल पोटात ठेवूनच जहाज परत जातं, त्यामुळे एका खेपेला ७५ हजार टन धरा. वर्षाला ५० लाख टन, म्हणजे दाभोळच्या मूळ आराखड्याएवढी क्षमता असेल, तर ६७ जहाजं होतात. साडेपाच दिवसांना एक. माल उतरवायला साधारण एक दिवस लागतो; त्याआधी आत येणं आणि नंतर बाहेर जाणं आहेच.

आता ही जहाजं वर्षाच्या महिन्यांवर मांडा. इथे घाई करू नका. ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, पूर्ण नसल्यामुळे दाभोळला वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. तुमच्याकडेही बांध नसेल, तर तीच ६७ जहाजं आठ महिन्यांत येणार, म्हणजे साडेतीन-चार दिवसांना एक. आणि ते आठ महिने कुठले? यांत्रिकी नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, नारळी पौर्णिमेनंतर आपण खरे बाहेर पडतो आणि मे महिन्यात होड्या वर ओढतो. त्यांचा हंगाम आणि आपला हंगाम एकच. वर्षाची सरासरी सांगून कुणी "आठवड्याला एखादं जहाज" म्हणालं, तर ऑक्टोबर ते मे किती, ते महिनावार लिहून मागा.

जहाज आत येताना आणि बाहेर जाताना त्याच्याभोवती सुरक्षा क्षेत्र असतं, धक्क्याला लागलेलं असतानाही असतं. त्यात होडी नेता येत नाही. ते किती मीटरचं, हे त्या त्या बंदराच्या जोखीम-अभ्यासात ठरतं. तो आकडा शोधा आणि नकाशावर आखा. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचा सागरी नकाशा मिळवलात तर उत्तम, नाहीतर अहवालातलाच मोठा करून छापून घ्या. त्यावर येण्याजाण्याचा मार्ग, जहाज वळण्याचं वर्तुळ आणि नांगरून वाट पाहण्याची जागा रंगवा. मग तांडेलांना, म्हणजे होड्यांच्या प्रमुखांना, बोलवा. माझा दीर तांडेल आहे, म्हणून सांगते, कुणीही आपली जीपीएसमधली नेमकी जागा चारचौघांत उघडी करणार नाही, आणि करूही नये. ठिपके मागू नका, पट्टे मागा: या टोकापासून त्या खडकापर्यंत, इतकी वाव खोल पाणी, अमुक महिने, अमुक जाळं. हे पट्टे दुसऱ्या रंगाने भरा; दोन्ही रंग एकमेकांवर चढतात तिथे तुमचा खरा प्रश्न आहे.

आता बायकांचं. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढणारी बाई कुठल्याच यादीत सापडत नाही. तिच्या नावावर होडी नाही, परवाना नाही, डिझेलचं कार्ड नाही. भरपाईची यादी नौकांच्या नोंदणीवरून झाली की ती बाहेर राहते, आणि तिचंच घर या कमाईवर चालतं याची मला फार चीड येते. प्रकल्पाची चर्चा सुरू होताच वाडीवार यादी करा: नाव, कुठला चिखल, कुठली ओहोटी, दिवसाला किती टोपल्या, विक्री कुठे. ग्रामसभेत ठराव करून ती इतिवृत्तात घाला. हे सुनावणीच्या आधी व्हायला हवं.

या यादीचा गाळ उपशाशी थेट संबंध आहे. भरलेलं जहाज ११ ते १२ मीटर पाण्यात बुडलेलं असतं, खाली मोकळं पाणी ठेवायचं तर १३-१४ मीटर खोली लागते. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी एवढी खोली आपसूक नसते, आणि एकदा खोदलेला चर दर पावसाळ्यात पुन्हा भरतो. म्हणून सुरुवातीच्या खोदाईचा आकडा वाचून थांबू नका. दरवर्षीची देखभालीची खोदाई किती, कुठल्या महिन्यांत, आणि निघालेला गाळ समुद्रात कुठे टाकणार, हे विचारा. गढूळ पाणी भरतीबरोबर आत येतं आणि तिसऱ्यांच्या पट्ट्यावर बसतं.

बांध घालणार असतील तर लाटांची दिशा बदलते. एका बाजूला वाळू साठते, दुसऱ्या बाजूला समुद्र किनारा खातो. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात अशा कामांचे नमुना-अभ्यास होतात. तसा अभ्यास झाला असेल तर त्याची प्रत मागा, आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची तुमची जागा त्यात कुठे येते ते बघा.

तरंगतं टर्मिनल असेल, म्हणजे जमिनीऐवजी धक्क्याला उभ्या जहाजावरच, तर आणखी दोन गोष्टी विचारा. गॅस पुन्हा वायुरूप करायला समुद्राचं पाणी वापरलं, तर ते थंड होऊन बाहेर पडतं, बहुधा क्लोरीनसह. आणि आत ओढताना माशांची अंडी-पिल्लंही ओढली जातात. पाणी ओढण्याचं तोंड कुठे, त्यावरची जाळी केवढी, थंड पाणी कुठल्या भरतीला कुठे जाणार? दुसरं म्हणजे, तरंगतं टर्मिनल निघूनही जाऊ शकतं. एप्रिल २०२१ मध्ये जयगडला 'होएग जायंट' हे असं टर्मिनल-जहाज आलं, व्यापारी कामकाज सुरू न होताच निघून गेलं आणि पुढे ब्राझीलला कामाला लागलं. प्रकल्प मध्येच थांबला तर आपला मार्ग मोकळा कोण करणार, हे आधीच लिहून घ्या.

स्फोटाची भीती सगळ्यांना असते. द्रव गॅस टाकीत असताना पेटत नाही. सांडला तर उकळून वायू होतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तेव्हा ठिणगीने पेटतो. त्याला वास नसतो. थंडीमुळे पाण्यावर पांढरं धुकं धरतं. असं धुकं दिसलं तर स्टोव्ह, विडी सगळं विझवा, वाऱ्याच्या आडवं निघा आणि होडीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ ला कळवा. आपत्ती आराखड्यात गावाला भोंग्याने कळवणार की मोबाइलवर, रात्री समुद्रात असलेल्या होडीला कसं, हेही विचारा.

शेवटी सुनावणी. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे निदान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात पाहायला मिळतो, आणि सारांश मराठीत असतो. सारांशावर भागवू नका. गावातला शिकलेला मुलगा पाठवा आणि जोखीम, गाळ उपसा, सागरी जीव ही प्रकरणं उतरवून आणा. मागण्या लेखी द्या, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. एका माणसाने एकच विषय बोलायचा: नकाशा तांडेलाने दाखवायचा, यादी तिसऱ्या काढणाऱ्या बाईनेच वाचायची. सुनावणीचं चित्रीकरण होतं, त्यामुळे माईक हातात आल्यावर आधी नाव आणि गाव सांगा. संपल्यावर इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोवर बहुतेक लोक उठून गाडीकडे निघालेले असतात. तुम्ही चार-पाच जण पुढच्या रांगेत बसून राहा, आपला प्रत्येक मुद्दा ऐका, आणि सुटलेला असेल तर तिथेच उठून तो लिहायला लावा.