ठाण्याच्या बाल्कनीत उन्हाळी भाजी कशी करायची

वसंत ऋतू कॅलेंडरवर ठीक आहे, आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत थंडी गेली की डायरेक्ट उन्हाळाच, मधे फार तर थोडे दिवस सकाळी जरा बरं वाटतं. त्यामुळे थंड देशातले व्हिडिओ बघून लेट्यूस, ब्रोकोली, मटार लावायला जाऊ नका, ते आपल्याकडे नोव्हेंबरचं काम. महाशिवरात्री ते गुढीपाडवा या काळात लावायचं ते ऊन मानवणारं: भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं, दुधी आणि लाल माठ.

पण बियाणं आणायच्या आधी बाल्कनीत ऊन कुठून येतं ते बघा. बहुतेक जण हे जानेवारीत बघतात आणि तिथेच फसतात. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार हॉलमधे येतं, वाटतं काय मस्त जागा आहे. मग मार्च-एप्रिलमधे तोच सूर्य वर वर सरकतो आणि मेच्या मध्याला ठाण्यात दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात ना तो, आणि तोपर्यंत वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली तुमच्या कुंड्यांवर पडलेली असते. म्हणजे वर छत असलेल्या दक्षिण बाल्कनीत फेब्रुवारीत जोमात वाढलेली भेंडी नेमकी फळं धरायच्या वेळी अंधारात. अशा ठिकाणी कुंड्या रेलिंगला अगदी चिकटून ठेवायच्या (आतल्या बाजूने, बाहेर लटकवायच्या नाहीत, खालून माणसं चालतात) आणि पेरणी जमेल तेवढी लवकर उरकायची. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात बेस्ट. पश्चिमेची असेल तर दुपारचं ऊन मार्चनंतर अक्षरशः जाळतं, तिथे 50 टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट बांधा. उत्तरेच्या बाल्कनीवाल्यांनी फळभाजीचा नाद सोडून पुदिना आणि अळू लावावं, उगाच मनस्ताप नको.

मातीचं सांगायचं तर नुसती लाल माती भरू नका, एक तर ती उन्हात विटेसारखी घट्ट होते आणि दुसरं म्हणजे वजन, ओल्या मातीने भरलेली 15 इंची ग्रो बॅग (झाडं लावायची पिशवी) एकट्याने हलत नाही आणि बाल्कनीच्या स्लॅबचाही विचार करायला हवा. साधारण एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड (कडुनिंबाच्या बियांचा चोथा). कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी दोनदा तरी काढून टाकायचं, त्यात मीठ असतं. भेंडी, गवारीला 12 इंच खोल कुंडी पुरते, वेलांना 15 च्या खाली नको, आणि लाल माठाला तर फळांचा जुना क्रेट पण चालतो, बी विस्कटायचं, वर माती भुरभुरवायची, महिनाभरात भाजी कापायला तयार. नवीन माणसाने सुरुवात माठानेच करावी असं माझं मत आहे, लगेच काहीतरी ताटात आलं की हुरूप टिकतो.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी एका कुंडीत दोन-तीन बिया, उगवल्यावर जोमदार रोप ठेवून बाकीची कापून टाका, उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली भेंडी येते. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा रोग, त्याला औषध नाही, ते झाड सरळ काढून टाकायचं कारण पांढरी माशी तो बाकीच्या झाडांवर नेते. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, दोन्ही या रोगाला टिकाव धरणाऱ्या जाती म्हणूनच काढलेल्या आहेत. कारल्यात आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण तारा आहे, मिळाली तर नक्की लावा.

आता वेलांकडे येऊ, कारण "फुलं ढीगभर येतात पण फळ एक नाही" हे रडगाणं सगळीकडे ऐकू येतं. वेलाला आधी नुसती नर फुलं येतात, ती गळणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मादी फुलामागे इवलंसं फळ आधीच दिसतं, त्यावरून ओळखायचं. पण पंधराव्या मजल्यावर मधमाशी येणार कधी, म्हणून ते काम आपण करायचं, नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. वेळ मात्र भाजीप्रमाणे. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात म्हणून ते ऑफिसला निघायच्या आधी, दोडका आणि दुधीची संध्याकाळी उमलतात म्हणून ते घरी आल्यावर. दोडक्याच्या फुलाला सकाळी सात वाजता हात लावून काही होत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण वेल वांझ आहे म्हणून उपटून टाकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फळ फुगायला लागलं तर जमलं, पिवळं पडून गळलं तर परागीभवन झालं नाही असं समजायचं.

टोमॅटोबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते, मार्चनंतर रात्री पण गरम होतात आणि फूल गळतं, झाड हिरवंगार आणि फळ नाही. हौसच असेल तर चेरी टोमॅटो लावा. कोथिंबीर उन्हात लगेच फुलावर जाते, तिला फक्त सकाळचं दोन-तीन तास ऊन द्या आणि धणे पेरण्याआधी रगडून दोन भाग करा.

पाणी सकाळी आठच्या आत. एप्रिल-मेमधे बऱ्याच सोसायट्यांत पाण्याचे तास कमी होतात, टँकर सुरू होतात, तेव्हा तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बादलीत साठवा आणि मातीवर सुक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा जाड थर द्या, अर्धं पाणी त्याने वाचतं. कुंडीखाली ताटली हवीच, खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखल गेला तर तुमची बाग मीटिंगच्या अजेंड्यावर येते. ताटलीत पाणी साचू देऊ नका, डास होतात.

घोडबंदर रोडला किंवा जिथे बांधकाम चालू आहे तिथे पानांवर धूळ बसते, आठवड्यातून एकदा पानं वरून-खालून धुवा, त्याने लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पण कमी होतो. भेंडीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर मुंग्या आहेत का बघा, त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. नीमतेल 5 मिली, लिक्विड सोपचे चार थेंब, एक लिटर कोमट पाणी, नीट हलवून संध्याकाळीच फवारायचं, भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. कबुतरांसाठी जाळी लागतेच. येऊरच्या जंगलाजवळ राहणाऱ्यांना माकडांचं वेगळं सांगायला नको, तिथे काकडीपेक्षा कारलं परवडतं.

मे महिन्यात गावाला जायचं असेल तर सगळ्या कुंड्या एकत्र सावलीत सरकवा, जवळजवळ असल्या की ओल टिकते. मोठ्या बॅगेत सुती दोरी खोचून तिचं दुसरं टोक उंचावर ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत सोडलं की तीन-चार दिवस निघतात. त्याहून जास्त असेल तर शेजारी किल्ली द्या, आणि किल्ली देताना भेंडी, गवार तोडून न्या हे पण सांगा. लाजून कोणी तोडत नाही आणि झाडावर फळ जून झालं की ते झाड नवीन फुलं धरायचं थांबतं.