डिस्क ब्रेक वाजतोय? कोकणात गाडी चालवताना या चुका टाळा

पावसाळ्यात सकाळी दुचाकी पडवीतून बाहेर काढली, की पहिले तीन-चार ब्रेक खरखरतात आणि नाक्यावर पोचेपर्यंत आवाज बंद होतो. एवढंच होत असेल तर गॅरेज गाठायची गरज नाही. रात्रभरात डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, गंजाचा पातळ थर धरतो, ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड तो घासून काढतात, विषय संपला. स्टेनलेसची डिस्क गंजते कशी, असं पुष्कळ जण विचारतात. स्टेनलेस ती असते, पण भांड्यांच्या स्टीलची नव्हे. चांगल्या भांड्यात क्रोमियम 18 टक्क्यांच्या आसपास असतं. डिस्क कडक करावी लागते, म्हणून तिच्या स्टीलमध्ये ते साधारण 12-13 टक्केच असतं. त्यात आपली खारी हवा.

खरा प्रश्न आहे तो दिवसभर चीं करून वाजणाऱ्या ब्रेकचा. अशा वेळी पॅड डिस्कवरून एकसारखा घासत जात नाही. क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. हे सेकंदाला हजारो वेळा झालं, की डिस्क भजनातल्या झांजेसारखी थरथरते आणि ती थरथर आपल्याला ऐकू येते. म्हणजे आवाज घालवायचा तर पॅड स्वच्छ हवा, डिस्कला सगळीकडे सारखा टेकायला हवा. आपण मात्र नेमकं उलटं करतो.

तेलाचा हात डिस्कला लावू नका

कोकणात गंजाची धास्ती सगळ्यांनाच. म्हणून मे महिन्याच्या अखेरीला गाडी धुऊन तिला खालून डिझेल-ऑइलचा फवारा मारून घेतात. चेसिसला तो बरा, ब्रेकला मात्र घातक. माझ्या गाडीला असाच फवारा मारला तेव्हा पुढचं चाक झाकलेलं नव्हतं, आणि माझंही लक्ष गेलं नाही. संध्याकाळी घराकडच्या उतारावर ब्रेक दाबला. लिव्हर नेहमीसारखा घट्ट, पण गाडी थांबेना. कशीबशी कडेच्या गडग्याजवळ थांबली. दुसऱ्या दिवसापासून ब्रेक किंचाळायला लागला. पॅड काढले तर एका कडेला काळपट, चकाकणारा डाग. पॉलिश पेपरने घासला, दोन दिवस बरं वाटलं, आणि पॅड तापल्यावर आत मुरलेलं तेल पुन्हा वर आलं. शेवटी नवे पॅड घालावे लागले. तेल प्यायलेला पॅड वाचवायच्या भानगडीत पडू नका. डिस्क मात्र पुसून घ्या, ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन. रॉकेल नको, त्याचा तेलकटपणा मागे उरतो.

चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कसमोर पुठ्ठा धरा. पॉलिशचं फडकं डिस्कला लागू देऊ नका. आणि गंजू नये म्हणून डिस्कवर खोबरेल फिरवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं: डिस्कला थोडा गंज परवडला, तेल नाही.

पुळणीवर गाडी घालू नका

काशीद असो, गुहागर असो की तारकर्ली, फोटोसाठी गाडी पुळणीवर नेली की वाळू डिस्कच्या भोकांत आणि पॅडच्या मध्ये अडकते. डिस्कवर बोट फिरवलं तर रेघा नखाला लागतात. जांभ्याची लाल धूळही पॅडवर बसते, पण ती धुतली की जाते. खारं पाणी मात्र आत शिरून बसतं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीतून आलात आणि गाडीवर लाटेचे शिंतोडे उडाले असतील, तर त्याच दिवशी साध्या पाण्याने चाकं धुवा. प्रेशर गन थेट कॅलिपरवर, म्हणजे पॅड ज्यात बसतात त्या भागावर, मारू नका. पाणी रबराच्या आत जातं. धुतल्यावर थोडं अंतर हळू चालवून ब्रेक दोन-चार वेळा दाबा, म्हणजे पॅड सुकतात.

अडकलेली पिन

माझ्या मते किनाऱ्यावरच्या गाड्यांचा मुख्य आजार हाच, आणि त्याकडे बघतं कोणीच नाही. बहुतेक गाड्यांचा कॅलिपर पिनांवर मागे-पुढे सरकतो. खाऱ्या पाण्याने पिन गंजली, ग्रीस सुकलं, की तो सरकायचा थांबतो. मग एकच पॅड झिजत राहतो, तोही तिरका, आणि आवाज येतो. पॅड काढून शेजारी ठेवा. एक जाड, एक पातळ दिसला की पिन किंवा पॅडला ढकलणारा पिस्टन अडकलाय असं समजा. पिन काढून स्वच्छ करा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस अगदी थोडं लावा. गॅरेजमधलं नेहमीचं ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगतं. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा हे करून घ्या. कॅलिपर सुटा असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतो. आणि सगळं बसवल्यावर लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबल्याशिवाय गाडी हलवू नका.

घाट उतरताना

कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना पाय सतत मागच्या ब्रेकवर ठेवला, तर पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि मग खाली आल्यावरही वाजतात. खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक गरजेपुरता दाबा आणि सोडा. तापलेल्या डिस्कवर धबधब्याचं पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होऊ शकते.

पॅडवरची खाच दिसेनाशी झाली, की पॅड बदलायचे. चीं थांबून धातूवर धातू घासल्यासारखा कर्र आवाज आला तर त्या दिवशी गाडी घरीच ठेवा. पॅड संपून त्याच्या मागचा पत्रा डिस्क खातोय. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, तीही मोजून घ्या. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर 40-50 च्या वेगावरून 10 पर्यंत हळूहळू ब्रेक लावत आणा, मध्ये थोडं थंड होऊ द्या, असं आठ-दहा वेळा करा. पहिल्याच दिवशी घाट उतरायला नेऊ नका.