एन्डोमेट्रिओसिस: पेनकिलर कधी अन् हॉर्मोनची गोळी काहून

पाळीत पोट दुखते म्हटलं की आपल्या नागपुरात उत्तर तयारच राहते, "लग्न झालं की बरं होते", अन् लग्न झालेलीला "एक लेकरू होऊ दे". याच्या भरवशावर राहू नका. दुखण्यापायी कॉलेज, ड्युटी बुडत असेल, संडासला बसताना किंवा संबंधाच्या वेळी आत कळ येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवाच.

एन्डोमेट्रिओसिसची भानगड काय आहे ते आधी पाहा. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढते, ओव्हरीवर, पोटातल्या पडद्यावर, कधी आतड्यावर. तिथं सूज येते, प्रोस्टाग्लँडिन नावाचं कळ आणणारं रसायन तयार होते न दुखते. आता तेच प्रोस्टाग्लँडिन त्या थराला तिथल्या तिथं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन बनवायला लावते, न इस्ट्रोजेन वाढलं की प्रोस्टाग्लँडिन अजून वाढते, दोघं एकमेकाले चढवून राहिले. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हॉर्मोननं हे आवरायला पाहिजे पण तो थर त्याचं नीट ऐकतच नाही. म्हणून नुसत्या पेनकिलरवर वर्षं काढणं म्हणजे नळ चालू ठेवून पोछा मारणं.

तरी पेनकिलर घ्यायची तर नीट घ्या. मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रॉक्सेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणंच कमी करतात, त्यामुळे कळ पूर्ण चढायची वाट पाहू नका, दुखायला लागलं की लगेच घ्या, दोन घास खाऊन. अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. न आपल्या मे महिन्यात, उलट्या होऊन किंवा उन्हानं अंगातलं पाणी गेलं असेल तेव्हा तर बिलकुल नाही, किडनीवर येते.

मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा: पाळी कधी आली, कोणत्या दिवशी किती दुखलं, गोळ्या किती लागल्या. मेडिकल कॉलेजची ओपीडी असो, डागा हॉस्पिटल असो की धंतोलीतला दवाखाना, डॉक्टरला वेळ कमी राहते, "खूप दुखते"पेक्षा हे दाखवलं तर काम लवकर होते. जुन्या सोनोग्राफीचे रिपोर्टही न्या. चॉकलेट सिस्ट, म्हणजे ओव्हरीतली जुन्या रक्ताची गाठ, सोनोग्राफीत दिसते, बारीक डाग बरेचदा नाही दिसत, म्हणून नॉर्मल रिपोर्ट आला म्हणजे काही नाही असं नसते. 2022 च्या युरोपियन गाईडलाईननुसार तर औषध सुरू करायला आधी पोटात दुर्बीण टाकून पाहिलंच पाहिजे असंही नाही.

हॉर्मोनमध्ये बहुतेकदा डायनोजेस्ट (प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी) 2 मिलिग्रॅम, रोज एक, मधे खंड नाही. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून रक्ताचे डाग पडतात न इथंच बाया गोळी सोडतात, असं करू नका, फोन करून विचारा. मूड फार उतरला तर तेही सांगा. जीएनआरएचचं इंजेक्शन (ओव्हरीचं काम काही काळ थांबवणारं) लिहिलं तर "हाडांसाठी सोबत काय देणार?" हे विचारा, कारण त्यात इस्ट्रोजेन खूप खाली जाते, त्यानं हाडं कमजोर होऊ शकतात न अंगातून वाफा निघतात.

लेकरू पाहिजे असेल तर पहिल्याच भेटीत बोला, कारण या हॉर्मोनच्या औषधांवर असताना दिवस राहायला अडथळा येते, बंद केल्यावर नाही. सिस्टच्या ऑपरेशनचं निघालं तर आधी एएमएच (ओव्हरीत बीजं किती आहेत याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) करून घ्या, सिस्ट काढताना ओव्हरीतली थोडी बीजं जाऊ शकतात, न ऑपरेशननंतर परत होऊ नये म्हणून गोळी किती दिवस, तेही तेव्हाच विचारून घ्या.