पहिली नवीन गाडी घेताय? शोरूममध्ये या चुका टाळा (आणि गणपतीचं नाव तर तोंडातून काढूच नका)

कुडाळच्या बाजारात बांगड्याच्या वाट्यासाठी दहा मिनिटं हुज्जत घालणारी आमची माणसं आठ लाखांच्या गाडीच्या कोटेशनवर दोन मिनिटांत मान डोलावतात. तिथे कल्ले उघडून बघतील, "कालचो बांगडो आसा मां ह्यो?" म्हणून पुढच्या टोपलीकडे वळतील, पण शोरूममध्ये एसीत बसवून कॉफी हातात दिली की तोंडाला कुलूप. घरातल्या, वाडीतल्या लोकांबरोबर "चल जरा सोबत" म्हणून मला नेहमी जावं लागतं (मी गाड्यांच्या धंद्यात नाही, कागद वाचायची खोड आहे एवढंच) आणि दरवेळी त्याच त्याच गोष्टी बघून आता खरंच वैताग आलाय.

सगळ्यात मोठी चूक: आपली तारीख सांगून टाकणं

माझा एक मावसभाऊ, ठाण्याला नोकरीला, घर कणकवलीच्या बाजूला. पहिली गाडी घ्यायची होती. जुलै संपत आलेला. शोरूममध्ये शिरल्या शिरल्या, अजून खुर्चीत नीट बसलाही नाही आणि सेल्समनला म्हणाला, "गणपतीक गाडी दारात होयी, बाकी काय ता तुमी बघा." झालं. मी बाजूला उभा होतो, मला तिथेच कळलं की आता इथे बोलण्यासारखं काही उरलं नाही. ज्या डिस्काउंटबद्दल दोन दिवसांपूर्वी फोनवर स्वतः सेल्समनच बोलला होता तो "मागच्या महिन्यात होता दादा" झाला, हवा तो रंग "गणपतीनंतरच येईल" झाला, आणि जी गाडी यार्डात उभी होती तिच्यावर मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, बॉडी कव्हर असं "एसेन्शियल किट" आधीच चढवलेलं, ते काढता येणार नाही म्हणे. भाऊ सगळ्याला हो. का तर गणपतीत गावात सगळे येणार, गाडी दारात दिसायला हवी.

आता गंमत बघा. त्याच वाडीतला दुसरा एक जण, मॉडेल तेच, व्हेरियंट तोच, शोरूमसुद्धा तेच. तो गेला अनंत चतुर्दशी उलटल्यावर, पितृपक्षात. शोरूममध्ये चिटपाखरू नाही. मॅनेजर स्वतः उठून बाहेर आला. कोटेशनमधली किटची ओळ गेली, हँडलिंगची (गाडी शोरूमपर्यंत आणायच्या खर्चाची) गेली, वर एक्स्टेंडेड वॉरंटी पदरात पडली. दोघांच्या ऑन-रोडमध्ये (टॅक्स, विमा सगळं धरून एकूण किमतीत) तीस हजारांच्या वर फरक. आणि याने गाडी घरी आणली घटस्थापनेला, म्हणजे मुहूर्तही चुकला नाही.

याचं कारण साधं आहे. डीलरच्या यार्डात उभ्या असलेल्या गाड्या बहुतेक वेळा बँकेच्या उधारीवर आलेल्या असतात, गाडी जितके दिवस उभी तितकं व्याज त्याच्या डोक्यावर. वर कंपनीचं महिन्याचं टार्गेट. गणपतीच्या आधी, दसऱ्याला, पाडव्याला लोक रांग लावून येतात तेव्हा त्याला तुमची गरज नसते. पितृपक्षात, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, डिसेंबरात असते. (डिसेंबरात घेणार असाल तर गाडीवर सरणाऱ्या वर्षाचा शिक्का बसतो, आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, विकताना गिऱ्हाईक तेच बघतं. तेव्हा सवलत भरपूर मिळाली तरच घ्या, पाच हजारांसाठी नको.)

घरातली मोठी माणसं म्हणतील पितृपक्षात व्यवहार नको. नका करू. बोलणी करा, कोटेशन शिक्क्यासकट लिहून घ्या, ते किती तारखेपर्यंत चालेल तेही लिहून घ्या आणि टोकन घटस्थापनेला द्या. आणि तारीख विचारलीच तर मी ज्याच्या बरोबर जातो त्याला एकच वाक्य पाठ करून देतो: "घाई नाही, बाईक चालू आहे."

ऑन-रोडचा एकच आकडा घेऊन घरी येणं

"नऊ लाख चाळीसला बसवून देतो" हे कोटेशन नव्हे. एक्स-शोरूम (आरटीओ आणि विम्याच्या आधीची किंमत) किती, आरटीओ किती, इन्शुरन्स किती, बाकीचं काय, प्रत्येक ओळ वेगळी फोडून कागदावर पाहिजे. एक्स-शोरूम कंपनी ठरवते, ती यादीप्रमाणेच लागणार. आरटीओ टॅक्स सरकारचा, महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, म्हणजे ८ लाखांच्या गाडीला ८८ हजार, तिथेही कोणी दया दाखवू शकत नाही. घासाघीस होते ती उरलेल्या ओळींत. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्ज नावाची कुठलीही सरकारी फी नाही, कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणायचा खर्च किमतीत आधीच धरलेला असतो. मी त्या ओळीवर पेनाने रेघ मारतो आणि कागद परत सरकवतो, काही बोलत नाही. बरेचदा काम होतं. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना कंपनीकडूनच डीलरमार्फत येते, तिच्या नावाने वेगळी ओळ दिसली तर कसली ते विचारा.

आणि कृपा करून यूट्यूबवर दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून किंमत सांगू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदललाय, चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्या (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) १८ टक्क्यांत आल्या, त्याआधी २८ टक्के आणि वर सेस होता. म्हणजे जुन्या आकड्यावर "वीस हजार कमी केले" असं ऐकून खूश होणारा माणूस प्रत्यक्षात महाग घेऊन येतो. आजची छापील यादी मागा.

इन्शुरन्स: इथे सगळ्यात जास्त पैसे जातात आणि कोणी बघतही नाही

डीलरकडचाच विमा घ्यायची सक्ती करता येत नाही, विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांत हे आहे. तरी दरवेळी ऐकायला मिळतं, "बाहेरून घेतलात तर कॅशलेस होणार नाही." खोटं. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचे पैसे विमा कंपनीने परस्पर भरणं, होतं की नाही हे त्या कंपनीचा तुमच्या सर्व्हिस सेंटरशी करार आहे की नाही त्यावर ठरतं, पॉलिसी कोणी विकली त्यावर नाही. सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम.

नव्या गाडीला थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची पॉलिसी) तीन वर्षांची सक्तीची आहे, सप्टेंबर २०१८ पासून, आणि तिचा दर सरकारने ठरवलेला, सगळीकडे सारखा. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, म्हणजे ओन डॅमेजमध्ये, आणि अ‍ॅड-ऑनमध्ये, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेल्या वरच्या संरक्षणात. मी काय करतो, डीलरचं विम्याचं कोटेशन घेतो, तेच्या तेच अ‍ॅड-ऑन आणि तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) टाकून ऑनलाइन दोन-तीन कंपन्यांचे दर काढतो आणि स्क्रीनशॉट मॅनेजरसमोर ठेवतो. बहुतेक वेळा तिथल्या तिथे तो दर जुळवून देतो किंवा जवळपास येतो, कारण पूर्ण कमिशन जाण्यापेक्षा अर्धं बरं. आयडीव्ही मात्र सारखीच ठेवा. ती कमी दाखवून प्रीमियम स्वस्त केलेला असतो आणि लोक फक्त शेवटचा आकडा बघतात.

पण उलटा शहाणपणाही नको. पैसे वाचवायचे म्हणून आमच्याकडचे लोक नेमकं इंजिन प्रोटेक्ट काढतात आणि झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं अ‍ॅड-ऑन) ठेवून निवांत होतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलंय. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारला की इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि त्याने झालेला इंजिनाचा खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही, झिरो डेपमध्येही नाही. कोकणात राहून हे अ‍ॅड-ऑन काढणाऱ्याला मी पुढे सल्ला देत नाही. चावीचं आणि टायरचं अ‍ॅड-ऑन खुशाल काढा.

"आपलोच माणूस आसा"

सेल्समन गावचा निघाला, मामाच्या सासुरवाडीचा निघाला, की आपण विचारायचं बंद करतो. अहो तो आपला असेलही, पण पगार त्याला शोरूम देतं. शिवाय ओळख निघाली की दुसरीकडे चौकशी करायची लाज वाटते, हे खरं नुकसान. त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे जा, कुडाळ असेल तर रत्नागिरी किंवा कोल्हापूर. कोल्हापुरात स्टॉक जास्त असतो, घाट चढून जायचे डिझेलचे पैसे सहज वसूल होतात. गाडी तिथून घेतली तरी तुमच्या पत्त्यावर एमएच ०७ चंच, म्हणजे सिंधुदुर्गचंच पासिंग (नोंदणी) होतं. "मग सर्व्हिसला आमच्याकडे येऊ नका" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या, वॉरंटी कंपनीची असते, कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला चालते. आणि ओळखीच्या माणसाला फोनवर विचारायचं असेल तर एवढंच विचारा की दादा, या महिन्यात स्कीम काय आहे, शिक्षकांना, सरकारी नोकरांना, ग्रामीण भागाला वेगळी सूट आहे का. ते तो खरं सांगतो.

हप्त्यावर बोलणं

"महिन्याला किती बसेल?" हा प्रश्न तुम्ही विचारलात की किंमत बाजूला पडली. सात वर्षांवर ताणून कुठलाही हप्ता बसवता येतो. आधी गाडीची किंमत मिटवा, कर्जाचं नंतर. आणि दर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) आहे की रिड्युसिंग (फेडून उरलेल्या रकमेवर व्याज) ते विचारा. ५ लाख, ५ वर्षं, ७ टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता ११,२५०, आणि हा हप्ता रिड्युसिंगने मोजला तर दर साडेबाराच्या आसपास जातो. ७ ऐकून लोक बँकेच्या ९ टक्क्यांना नाही म्हणून येतात, काय बोलणार. शोरूमला जायच्या आधी आपल्या बँकेत किंवा पतपेढीत जाऊन किती कर्ज, किती दर ते कागदावर घेऊन ठेवा, मग शोरूमचा फायनान्सवाला त्याच्यापेक्षा कमी देतो का बघा.

बाकीचं पटापट

आंब्याचे रोख पैसे पिशवीतून घेऊन जाऊ नका, २ लाख किंवा त्याच्या वर रोख शोरूमला घेता येत नाही. पॅन कार्ड न्या.

गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस (डीलरने आधीच घेतलेला इन्कम टॅक्स) लागतो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना मिळतो. ज्यांनी रिटर्न भरलंच नाही त्यांचे तिथेच पडून राहतात.

बुकिंगचे पैसे सेल्समनच्या गुगल पेवर कधीच नाही. शोरूमच्या खात्यात, आणि पावतीवर रद्द केलं तर किती परत ते लिहून.

"पंधरा हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज फ्री" म्हणजे छापील किमतीचे पंधरा हजार. त्यापेक्षा दहा हजार रोख कमी करा म्हणा, मॅट बाजारात मिळतात. बॉडी कव्हर आमच्या दमट हवेत मला तरी पटत नाही, आत ओल धरते. अंडरबॉडी कोटिंगचं पण तसंच, किनाऱ्यालगत राहत असाल तर विचार करा, पण शोरूमचा दर ऐकून बाहेर दोन ठिकाणी विचारा, आणि पावसाळ्यात खालून पाणी मारून धुण्याचा कंटाळा करणार असाल तर कोटिंग करून काय करणार तुम्ही?

टेस्ट ड्राइव्ह हायवेवर सरळ दोन किलोमीटर मारून येऊ नका. चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा आणि चढणीला लावा. घरी तुम्हाला घाटातूनच यायचंय.

सावंतवाडी, बांद्याकडच्यांसाठी: गोव्यातल्या पाहुण्याच्या पत्त्यावर जीए (गोव्याचा) नंबर घ्यायची आयडिया डोक्यातून काढा. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथलं पासिंग करावं लागतं, टॅक्स पुन्हा भरायचा, आणि मधल्या काळात नाक्यावर कोण थांबवेल त्याला उत्तरं देत बसा.

पासिंगच्या आधी गाडी न बघणं

हे बहुतेक सगळेच करतात. गाडी पहिल्यांदा बघतात ती डिलिव्हरीच्या दिवशी, रिबीन बांधलेली, भटजी आणि पेढे तयार, तेव्हा दारावरचा ओरखडा कोणाला दिसणार? नंबर पडला की ती गाडी तुमची झाली, मग बदलून मिळत नाही. म्हणून उरलेले पैसे भरायच्या आणि पासिंगला पाठवायच्या आधी यार्डात जाऊन उन्हात बघायची. चॅसिस नंबर बिलावरच्याशी जुळवा, बनवल्याचा महिना आणि वर्ष फॉर्म २१ वर (डीलरच्या विक्रीच्या दाखल्यावर) असतं ते बघा, किलोमीटर बघा, टायरवरचे चार आकडे बघा (टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष), पाचही टायर. पॅनलच्या रंगात फरक, काचांवरच्या खुणा, सीटखाली ओलसर वास. ब्रेक डिस्कवर हलका गंज असेल तर घाबरू नका, आमच्या हवेत उभ्या गाडीला तो येतोच, चालवली की जातो. "गाडी वॉशिंगला गेलीय, उद्या बघा" असं सांगितलं तर ठीक आहे म्हणा, उद्या येतो, चेकही उद्याच देतो.