घरात सायकल ठेवण्यासाठी स्टँड घेताय? आधी या चुका टाळा

सदनिकेत राहणाऱ्याची सायकल शेवटी घरातच येते. खाली पार्किंगमध्ये ठेवावी तर धूळ, पावसाची झड आणि चोरीची धास्ती. जिन्यात किंवा मजल्यावरच्या पॅसेजमध्ये ठेवावी तर सोसायटीची नोटीस येते, आणि ती रास्तच असते, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट तीच. मग स्टँडचा शोध सुरू होतो आणि पहिली चूकही तिथेच होते: स्टँडचे छायाचित्र बारकाईने पाहिले जाते, पण सायकल आणि भिंत कोणी मोजत नाही. सायकलीचे वजन माहीत नसेल, तर ती उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचे वजन वजा करावे. स्टीलच्या फ्रेमची गिअरवाली सायकल १५ ते १८ किलो सहज भरते.

उभी टांगली की जागा वाचते, हा अर्धाच खरा समज

पुढचे चाक हुकात अडकवून सायकल उभी टांगली की भिंतीची रुंदी वाचते, खोलीतली जागा वाचतेच असे नाही. मोठ्या माणसाची सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते आणि जमिनीपासून हँडलपर्यंतची तिची उंची एक मीटरच्या आसपास असते. उभी टांगल्यावर हीच उंची भिंतीपासून पुढे येते, म्हणजे फ्लॅटमधल्या तीन-साडेतीन फुटांच्या पॅसेजमध्ये माणसाला जायला वाटच उरत नाही. अशा ठिकाणी सायकल दारासारखी एका बाजूला वळवून भिंतीलगत नेता येते असा फिरता हूक घ्यावा. मात्र त्यासाठी हुकाच्या एका बाजूला मीटरभर भिंत मोकळी हवी, तिथे स्विचबोर्ड किंवा खिडकीचा पडदा आला की तो हूक निरुपयोगी ठरतो.

आडव्या टांगण्यात नेमकी उलटी चूक होते. दोन दांड्यांवर फ्रेमची वरची नळी ठेवायची असते, पण हँडलचा अर्धा भाग भिंतीकडे येतो हे लक्षात राहत नाही. डोंगरी सायकलीचे हँडल ७२ सेंटिमीटर असेल, तर नळी भिंतीपासून किमान ३६ सेंटिमीटर लांब राहायला हवी. दांड्या आखूड निघाल्या तर हँडल भिंतीला टेकते, सायकल तिरपी लोंबते आणि महिन्याभरात रंगावर पकडीच्या रबराचे काळे अर्धवर्तुळ उमटते. रोड सायकलीचे हँडल ४२ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने तिला तीच दांडी चालते, म्हणून मित्राकडचा स्टँड पाहून तसाच मागवू नये. लेडीज सायकलीला आडवी वरची नळीच नसते. तिच्यासाठी सीटची नळी आणि हँडलची मान जोडणारा वेगळा दांडा मिळतो, तो नसेल तर जमिनीवरचा स्टँडच बरा. कार्बन फ्रेमची नळी तर कोणत्याही स्टँडच्या चिमट्यात आवळू नये.

भिंतीचा स्वभाव

हा भाग मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. पहाटे साडेचारला धप्प असा आवाज झाला आणि बाहेर येऊन पाहतो तर सायकल सोफ्यावर, स्टँडची पट्टी तिला लटकलेली, स्क्रूवर प्लास्टिकचे प्लग जसेच्या तसे आणि फरशीवर वाटीभर पांढरा भुगा. स्टँडच्या खोक्यावर ४० किलो क्षमता लिहिली होती, सायकल १६ किलोची होती. मग चुकले काय?

खोक्यावरचा आकडा लोखंडाचा असतो, भिंतीचा नव्हे. १६ किलोचे वजन भिंतीपासून ३५ सेंटिमीटर बाहेर लोंबत असेल आणि पट्टीवर तिच्या खालच्या कडेपासून वरचे स्क्रू १० सेंटिमीटरवर असतील, तर त्या वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपसून काढणारी ओढ सुमारे ५६ किलोची असते. सायकल अडकवताना बसणारा हिसका त्यात धरलेला नाही. आमची भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांची होती, आणि त्यात साध्या प्लगला धरायला काही नसतेच.

म्हणून पहिल्या भोकातून पडणारा भुगा पाहावा. गिलाव्याचा थर संपल्यावर लाल भुगा आला तर भाजकी वीट आहे आणि चांगल्या लांबीचे फास्टनर तिथे टिकतात, फक्त ते गिलाव्यात नव्हे तर विटेत रुतायला हवेत. मऊ, पांढुरका भुगा आणि लोण्यात गेल्यासारखे जाणारे ड्रिल म्हणजे एएसी ब्लॉक. तिथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडावे आणि खास या ब्लॉकसाठी मिळणारे लांब नायलॉन प्लग वापरावेत, किंवा सरळ जवळचा काँक्रीटचा कॉलम गाठावा. करडा भुगा आणि अडून बसणारे ड्रिल म्हणजे काँक्रीट. मायवन पद्धतीच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतींत खोल्यांच्या भिंतीही बहुधा काँक्रीटच्याच असतात आणि विजेच्या नळ्या ओतकामातच गाडलेल्या असतात, त्यामुळे स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये. जिप्समच्या पार्टिशनवर सायकल टांगण्याचा विचारच सोडून द्यावा.

घर भाड्याचे असेल, तर जमीन आणि छत यांत दाबून बसणारा खांब सोयीचा वाटतो, आणि असतोही, पण वर पीओपीचे खोटे छत असल्यास खांब ते वर ढकलतो, तडा जातो आणि खांब सैल पडतो. खांब खऱ्या स्लॅबलाच टेकला पाहिजे.

जमिनीवरचा स्टँड

भोक नको असणाऱ्यांनी हाच घ्यावा, पण टायरची रुंदी पाहून. ती टायरच्या बाजूवर छापलेली असते: रोड सायकलीला २५ ते २८ मिलिमीटर, हायब्रिडला ३५ ते ४२, डोंगरी सायकलीला ५० च्या पुढे. खाच रुंद असली की सायकल डुलते, अरुंद असली की टायर बसतच नाही. डिस्क ब्रेकच्या सायकलीत खाचेची सळई डिस्कला टेकत नाही ना, हे डाव्या बाजूने वाकून पाहावे. डिस्क किंचित वाकली तरी चाक फिरताना खर्र, खर्र असा घासल्याचा आवाज येतो आणि दोष उगाच ब्रेकला दिला जातो. मागचे चाक अडकवायचे असेल तर उजवीकडे लोंबणाऱ्या डिरेल्युरलाही, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागालाही, तीच तपासणी लागू.

पुढचे चाक गर्रकन वळून सायकल आडवी होत असेल, तर स्टँड बदलण्याआधी ब्रेकचा लिव्हर रबराच्या पट्टीने आवळून पाहावा. चाक पुढे-मागे सरकणे थांबले की वळणेही बहुधा थांबते. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची सायकल उभी टांगून उतरवल्यावर लिव्हर मऊ लागला, तर तेलात अडकलेली हवा सरकलेली असते. सायकल सरळ उभी करून लिव्हर पाच-दहा वेळा दाबावा. तरीही तो हँडलपर्यंत जात असेल तर ती सायकल रस्त्यावर न नेता ब्रेक ब्लीड करून, म्हणजे तेलातली हवा काढून घ्यावेत. पावसाळ्यात ओली सायकल टांगण्यापूर्वी चेन पुसावी आणि खाली गोणपाट टाकावे, कारण व्हिट्रिफाइड टाइल्सवर तेल मिसळलेल्या पाण्याचे दोन थेंबही घसरायला पुरतात.